एक्केचाळीस पानांचं सोनं

दसऱ्याच्या संध्याकाळी मी गावात एक्केचाळीस पानं वाटली. शनिवारी दुपारपर्यंत त्यातली अडतीस परत आली होती.

कोणी तोंडावर आणून फेकली नाहीत. आमचं बॅलिनकरा हे आयर्लंडमध्ये किलकेनीच्या दक्षिणेला जेमतेम दोनशे वस्तीचं गाव आहे आणि इथल्या माणसांना सरळ भांडता येत नाही. एकेक पान नीट पाकिटात घालून दाराच्या फटीतून आत सरकवलेलं. काही पाकिटांवर 'मनापासून आभार' लिहिलेलं, एकात पानाबरोबर चॉकलेटही होतं. आमच्या नागपुरात एखादी वस्तू नको असली तर माणूस "हे काय आणलं बापा?" असं तोंडावर विचारतो. चॉकलेट देऊन केलेला अपमान मला नवीन होता. मी ते खाल्लं, पण दुखावलेल्या मनाने खाल्लं.

"काय करून ठेवलंयस उपेंद्र?" मेधाने विचारलं. मेधा माझी बायको. ती घरून काम करते, एका औषध कंपनीची कागदपत्रं तपासते, आणि चूक सापडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. आत्ता तो बराच उतरला होता.

"सोनं वाटलं," मी म्हणालो. "सणाचं. प्रेमाने."

"पण आणलंस कुठून?"

तर आता हे सांगणं आलंच.

आमच्या गावाला स्टेशन आहे. गावापासून चांगलं अर्धा मैल लांब. रेल्वे बांधणाऱ्यांचं गावांशी काय वैर असतं कोण जाणे, पण विदर्भ असो की आयर्लंड, स्टेशन कधी गावात नसतं. साठ वर्षं तिथे एकही गाडी थांबली नव्हती. दगडी इमारत एका दातांच्या डॉक्टरने विकत घेऊन टाकली, राहिला तो नुसता प्लॅटफॉर्म. तिथे पुन्हा गाडी थांबावी म्हणून गावाने समिती काढली. पहिल्याच सभेत मी एवढंच विचारलं की, "इतिवृत्त कोण लिहितंय?" झालं. मी सचिव. मराठी माणसाने परदेशात सभेत तोंड उघडू नये, असं मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. अध्यक्ष पॉरिक, गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं. अर्ज मात्र सगळे मी लिहिले. बावीस. शेवटी रेल्वे कंपनीलाच कंटाळा आला आणि सकाळची सात बावन्नची गाडी आठ आठवडे थांबवून बघायचं तिने कबूल केलं. शेवटच्या आठवड्यात मोजणी. सोमवार ते शुक्रवार मिळून शंभर माणसं चढली तर थांबा कायम, नाहीतर रामराम.

गावाला तो थांबा हवा होता. माझं तर घरच त्यावर अडलं होतं. ऑफिस राजधानीजवळ चेरीवूडला, आठवड्यातून तीन दिवस जायचं, आणि मोटारने जाऊन-येऊन पाच तास. घरी पोचेपर्यंत मुक्ता, आमची नऊ वर्षांची मुलगी, झोपलेली असायची. वर्षापूर्वी मेधा राजधानीचं उपनगर ब्लँचर्डस्टाउन सोडून इथे आली ती माझ्या हट्टापायी. तिथे तिच्या मैत्रिणी होत्या, कोपऱ्यावर कढीपत्ता होता, दाराशी बस होती. इथे कढीपत्ता नाही आणि नवराही नाही. तिने स्वच्छ सांगितलं होतं, "थांबा झाला तर राहू. नाही झाला तर जानेवारीत परत." आणि बोलल्याप्रमाणे वरच्या खोलीतली सात खोकी तिने अजून उघडलीच नव्हती. त्यातल्या एकात पुरणयंत्र होतं. यंदाच्या होळीला आम्ही मिक्सरमधून काढलेल्या पुरणाच्या पोळ्या खाल्ल्या. कशा झाल्या होत्या ते विचारू नका.

पहिले पाच-सहा आठवडे झकास गेले. रोज वीस-बावीस माणसं चढत होती. अशात दसरा आला. मी म्हटलं, आपण विजयाच्या उंबरठ्यावर आहोत, सीमोल्लंघन व्हायलाच पाहिजे. आता सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव ओलांडायची आणि सोनं लुटून आणायचं. नागपूरला मी आयुष्यभर हे सोनं रस्त्यावरच्या ढिगातून जुडीने विकत आणलं, त्यामुळे लुटण्याचा अनुभव शून्य. इथे गावाच्या नावाची पाटी ओलांडली की शीव संपते आणि पुढे स्टेशन लागतं. मी पाटी ओलांडून प्लॅटफॉर्मवर गेलो. तिथे टोकाला एक बुटकं, काटेरी, एकटंच झाड आहे. त्याची फांदी कठड्यावरून आत आलेली. पानं चिरलेली आणि ऑक्टोबरामुळे पिवळीधमक. हुबेहूब आपटा, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण आपल्याकडेही निम्म्या लोकांच्या गळ्यात कांचनाचीच पानं मारतात. मी एक्केचाळीस पानं ओरबाडली. ओरबाडताना एक डहाळी मोडली, ती कठड्यापलीकडे टाकून दिली.

मग घरोघरी गेलो, पोस्टात गेलो, शेवटी पबमध्ये गेलो. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." लोक काय खूष झाले! शेजारच्या नोराबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांनी तर पान दोन्ही हातांत घेतलं. पबमध्ये पॉरिकने आपलं पान दिव्याखाली धरलं आणि म्हणाला, "सुरेख आहे रे. कुठलं?"

मी सांगितलं.

पॉरिकने पान हळूच टेबलावर ठेवलं आणि "ग्रँड" म्हणाला. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, ग्रँड म्हणजे नको, आणि ग्रँड म्हणजे आता तुझं काही खरं नाही. हा तिसरा होता, पण मला ते त्या दिवशी कळलं नाही.

"बाबा, दॅट्स द फेअरी ट्री," शनिवारी पाकिटांचा ढीग बघून मुक्ता म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि तेही किलकेनीच्या हेलात. "एव्हरीबडी नोज."

एव्हरीबडी नोज म्हणजे मी सोडून. माळावर एकट्या उभ्या असलेल्या हॉथॉर्नखाली, म्हणजे याच काटेरी झाडाखाली, 'ते' राहतात. ते कोण, हे नाव घेऊन कोणी सांगत नाही. त्या झाडाला कोणी हात लावत नाही आणि त्याचा काडीएवढा तुकडाही घरात आणत नाही. आमच्या गावात तर म्हणे रेल्वे टाकताना मजुरांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि रूळ झाडाला वळसा घालून नेले. आणि मी त्याच झाडाला ओरबाडून एक्केचाळीस घरांत पोचतं केलं होतं. एकट्याने चोरी केली असती तर एकटा निस्तरलो असतो. मी चोरीचा माल गावभर वाटून सगळ्यांनाच सामील करून घेतलं होतं.

मग एकेक सुरू झालं. पॉरिकचा फ्रीजर बंद पडून सगळं आइस्क्रीम वितळलं. हर्लिंग नावाचा एक काठ्या-चेंडूचा खेळ आहे, त्यापायी ही माणसं जीव टाकतात. त्यात आमच्या गावाने जिंकत आलेला सामना घालवला. दातांच्या डॉक्टरचा स्वतःचाच दात तुटला. आणि यातला प्रत्येक जण मला मुद्दाम गाठून सांगे की, याचा त्या झाडाशी काही संबंध नाही हं. मी विचारलेलंही नसे.

"खरं सांग, तुझा विश्वास आहे यावर?" मी पॉरिकला विचारलं.

"छे! मुळीच नाही," तो म्हणाला. "पण उगाच कशाला?"

शनिवारी नखं काढू नकोस, तिघे मिळून जाऊ नका, निघताना कुठे चाललात विचारू नका, हे सगळं आमच्या घरी याच दोन शब्दांवर चालायचं. शिकल्यासवरलेल्या माणसाला देवाशी वाद घालता येतो. 'उगाच कशाला'शी घालता येत नाही.

नुसत्या वितळलेल्या आइस्क्रीमवर भागलं असतं तर मी भरून दिलं असतं. पण ती फांदी नेमकी जिथे गाडीचं दार उघडतं तिथे डोक्यावर आली होती, तिच्याखालून जायला गाव बिचकत होतं, आणि मोजणीचा आठवडा उजाडला. सोमवारी रेल्वे कंपनीचा एक गृहस्थ पिवळं जाकीट घालून, हातात टकटक वाजणारं मोजणीचं यंत्र घेऊन उभा राहिला. चढले चार जण. मी, कॉलेजच्या दोन मुली आणि एक परगावचा पक्षीनिरीक्षक, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं. मंगळवारी तीन. पक्षीनिरीक्षक आपल्या गावी गेला होता.

मग सल्ले. पॉरिक म्हणाला, बुंध्याशी चांदीचं नाणं ठेव. पोस्टमन म्हणाला, चांदी अजिबात नको, दूध ठेव, पण दुकानातलं नको. पॉरिकला ते लागलं, कारण दूध त्याच्याच दुकानातलं. निवृत्त शाळामास्तर म्हणाले, काही झालं तरी माफी मागू नकोस, माफी मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. आधी पानं परत गेली पाहिजेत, आणि सगळीच्या सगळी. बुधवारपर्यंत चाळीस जमली होती. एक कोणाकडे राहिलं ते कळेना. मी सचिव असून वाटताना यादी केली नव्हती, हे मेधाला चोरीपेक्षा गंभीर वाटलं.

पानं परत ठेवायची म्हणजे कुठे? झाड कठड्यापलीकडे, म्हणजे रेल्वेच्या हद्दीत. मी रीतसर मेल लिहिली. उत्तर आलं की रुळांलगतच्या जागेत जायला सुरक्षा प्रशिक्षण, हेल्मेट आणि पोलादी टोकाचे बूट लागतील, आणि वनस्पतिजन्य पदार्थ टाकायचे असतील तर कौन्सिलला विचारा. कौन्सिलला विचारलं. ते म्हणाले झाड रेल्वेचं, रस्त्यावर पडलेली पानं आमची, पण तुमची पानं पडलेली नसून तोडलेली असल्यामुळे त्यांचा आमच्या नियमांत उल्लेख नाही. उत्तराला अठ्ठावीस कामाचे दिवस लागतील. माझ्याकडे दोन होते.

बुधवारी पाच चढले. दुपारी मी नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं निदान इथे तरी सहानुभूती मिळेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काहून रे," ती म्हणाली, "झाडाला विचारलं होतं का?"

"आई, झाडाला काय विचारायचं?"

"अरे बापा! तुझे आजोबा आपटा तोडायला जायचे तर आदल्या दिवशी अक्षता ठेवून सांगून यायचे, उद्या येतो म्हणून. मग दसऱ्याला पूजा करायची, मग हात लावायचा. आपण बाजारातून आणतो, तो तोडणारा बिचारा विचारून घेतो. तू तर विचारलंच नाही. ते लोक बरोबरच बोलून राहिले. जा, माफी माग."

आठवडाभर मी मनातल्या मनात या गावाला अडाणी म्हणत होतो, आणि इथे माझाच सण मला अर्धा येत होता. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

"पण आई, झाडाजवळ जायला हेल्मेट लागतं."

"बाबा," मागून मुक्ता म्हणाली, "यू पिक्ड देम फ्रॉम द प्लॅटफॉर्म. जस्ट स्टँड ऑन द प्लॅटफॉर्म."

तीन मेल, दोन खाती आणि अठ्ठावीस दिवस यांचा असा निकाल लागला.

गुरुवारी चार चढले. एकूण सोळा. शुक्रवारी चौऱ्याऐंशी हवे होते, म्हणजे आटोपलंच होतं. संध्याकाळी मेधाने विचारलं, "चिकटपट्टी कुठे आहे रे?" मी कशाला म्हणून विचारलं नाही. मी फक्त म्हणालो की सकाळी झाडाची माफी मागायला जाणार आहे, थांब्यासाठी नाही, चूक झाली म्हणून. तिने देवघरातून ताम्हन काढून घासायला घेतलं.

मी हे फक्त पॉरिकला सांगितलं होतं. म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखंच झालं. शुक्रवारी साडेसातला आम्ही तिघं पोचलो तर प्लॅटफॉर्मवर ही गर्दी! कोणी सदऱ्यावर कोट चढवून आलेलं, कोणी घरातल्या चपलांत, पोस्टमन गणवेशात, डॉक्टर गालाला हात लावून. सगळे झाडापासून दहा हात लांब, अदबीने उभे. पिवळ्या जाकिटाने मोठ्या आशेने यंत्र बाहेर काढलं. मी सांगितलं, हे प्रवासी नाहीत. त्याने परत खिशात ठेवलं.

मी बूट काढले. कठड्यापाशी हळद-कुंकू, अक्षता, निरांजन. मंत्र मला येत नव्हता, तो आई नागपूरहून सांगत होती आणि मुक्ता फोन धरून होती. "इतके लोक आले?" आई मध्येच म्हणाली. "चहापाण्याचं काय केलं?" मग मी चाळीस पानं फांदीखाली कठड्यापलीकडे ओंजळीने सोडली आणि हात जोडून मराठीत म्हणालो की, न विचारता घेतलं, चुकलो, एक पान सापडत नाहीये, सापडलं की आणून देतो. मुक्ताने ते सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. त्या पोरीने त्यात "ही इज व्हेरी सॉरी, ही डझन्ट नो स्टफ" एवढी भर स्वतःची घातली. कोणी हसलं नाही. पॉरिकने टोपी काढली.

आणि सात बावन्नची आली.

गाडी थांबली. आमचा प्लॅटफॉर्म आखूड, दोनच दारं उघडतात, ती उघडली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून एवढी गर्दी पाहिली आणि बिचारा थांबून राहिला. कोणी हलेना. मी मान खाली घातली. या लोकांना आज गाडीत चढा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. ते झाडासाठी आले होते. मग शाळामास्तर पुटपुटले, "माणूस आपल्यासाठी थांबलाय आणि आपण नुसते बघतोय, बरं दिसत नाही."

"नाहीच दिसत," पॉरिक म्हणाला आणि दुकान सताड उघडं टाकून आलेला तो माणूस गाडीत चढला.

मग रीघच लागली. टक, टक, टक. झाडाची फांदी डोक्यावर होती, पण आता तिकडे बघत, किंचित मान झुकवून लोक आत जात होते. पिवळं जाकीट फार काटेकोर होतं, दोन्ही पाय आत गेल्याशिवाय यंत्र दाबत नव्हतं. मी चढलो, मुक्ता चढली. आई फोनमध्ये होती, तिला धरलं नाही. आतून मी ओरडलो, "किती?"

"अठ्ठ्याण्णव."

खाली दोघीच उरल्या होत्या, नोराबाई आणि मेधा. नोराबाईंना पायरी जमेना. मेधाच्या एका हातात ताम्हन, दुसरा तिने नोराबाईंना दिला. नोराबाई चढल्या. नव्व्याण्णव.

मेधा खाली उभी होती. निरांजन अजून जळत होतं. तिने नुसतं जागच्या जागी उभं राहायचं होतं, की जानेवारीत मैत्रिणी, कढीपत्ता, बस, सगळं परत. मी तिला ये म्हणालो नाही. वर्षापूर्वी म्हणालो होतो, ते एकदाचं पुरे होतं. दार वाजायला लागलं. नोराबाईंचा हात तिच्या हातात होता, आणि ती चढली.

टक.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "ताम्हन धर."

गावाची पाटी मागे गेली. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी का होईना, पण सबंध गावाचं सीमोल्लंघन झालं. तिकीट फक्त कॉलेजच्या दोन मुलींकडे होतं. नोराबाई माझ्यासमोर बसल्या, त्यांनी पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि उघडलं. आत एक्केचाळिसावं पान.

"नोराबाई! तुमच्याकडे? अहो, परत नाही का द्यायचं?"

"लग्न करून मी याच गाडीने या गावात आले," त्या म्हणाल्या. "या झाडाची नि माझी ओळख तुझ्यापेक्षा जुनी आहे. आणि तू सोनं म्हणून दिलंस ना पोरा? सोनं कोणी परत करतं का?"

परतीची गाडी संध्याकाळी होती, त्यामुळे गावाने सबंध दिवस किलकेनीत घरातल्या चपलांवर काढला. पॉरिकचं दुकान दिवसभर उघडं होतं, पण काही चोरीला गेलं नाही, कारण गिऱ्हाईकं सगळी त्याच्याबरोबर होती. दोन आठवड्यांनी रेल्वे कंपनीचं पत्र आलं. थांबा कायम.

त्या रविवारी मेधाने सातही खोकी उघडली. पुरणयंत्र निघालं, त्याची एक चाळणी हरवलेली निघाली, त्याचा दोष मला मिळाला. मी म्हटलं, आता विचारावं.

"त्या दिवशी तू चढलीस ते का गं?"

"का म्हणजे? नोराने हात सोडला नाही," ती पाठमोरी राहूनच म्हणाली. "म्हाताऱ्या बाईला काय ओढून पाडू?"

मला ते पटलं. दुपारी पुरणाची पोळी द्यायला गेलो तेव्हा मी कुंपणावरून नोराबाईंचे आभार मानले, म्हटलं तुम्ही हात धरून ठेवलात म्हणून आम्ही राहिलो.

"मी?" नोराबाई म्हणाल्या. "अरे, मी तर पायरीवरच सोडला होता."